कॉर्टिसोनच्या झगमगाटात हरवलेले औषध

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला विन्सन ग्रीन नावाचा कष्टकऱ्यांचा भाग आहे. तिथले रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले ते शहराच्या ‘वर्कहाउस’साठी. निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न आणि निवारा देणाऱ्या त्या कडक शिस्तीच्या संस्थेतले आजारी लोक इथे आणले जात. सुमारे पाव मैल लांबीची एक सरळ मार्गिका आणि तिला लागून ओळीने वॉर्ड, अशी त्याची रचना होती. पुढे ते डडली रोड हॉस्पिटल म्हणून ओळखले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून, पंजाबातून, आजच्या पाकिस्तान-बांगलादेशातून आलेली कुटुंबे आसपासच्या वस्त्यांत राहू लागली, आणि ओतशाळांत, कारखान्यांत राबून दुखणारे हात-पाय घेऊन याच दारात येऊ लागली.

ना वैद्यकीय राजधानीचा मान, ना श्रीमंत देणगीदारांची गर्दी. तरीही जगाने जवळजवळ तीस वर्षे बाजूला टाकलेले संधिवातावरचे एक औषध १९७० च्या दशकात याच रुग्णालयाने पुन्हा वापरात आणले. ते औषध म्हणजे सल्फासॅलाझीन. आज पुण्यापासून परभणीपर्यंत आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, हजारो रुग्णांच्या चिठ्ठीवर ते लिहिले जाते. ते कसे जन्मले, कसे विसरले गेले आणि कसे परत आले, हा इतिहास औषधशास्त्रापुरता नाही. वेदना थांबणे आणि रोग थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकाला किती उशिरा आणि किती कष्टाने उमगले, त्याचा हा इतिहास आहे.

स्टॉकहोममधली जोडणी

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हातापायांची लहान बोटे, मनगटे, घोटे सुजतात, सकाळी उठल्यावर तास-दोन तास मूठ वळत नाही, आणि रोग तसाच चालू राहिला तर कूर्चा आणि हाड झिजून बोटे वाकडी होतात. १९३० च्या दशकात मात्र हा आजार जंतुसंसर्गातून होतो असा अनेक डॉक्टरांचा समज होता. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या नाना स्वार्ट्झ यांनी त्याच समजातून एक कल्पना मांडली. जंतूंना मारणारे सल्फापायरिडीन आणि दाह कमी करणारे सॅलिसिलिक आम्लाच्या कुळातले द्रव्य, ही दोन्ही एकाच रेणूत जोडली तर? फार्मासिया या स्वीडिश कंपनीच्या रसायनतज्ज्ञांच्या मदतीने तो रेणू, म्हणजेच सल्फासॅलाझीन, तयार झाला. ‘सॅलाझोपायरिन’ या नावाने त्याची माहिती स्वार्ट्झ यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या अनेक संधिवातग्रस्त रुग्णांना त्याचा उपयोग होत होता. मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांनाही होत होता.

ज्या समजावर हे औषध उभे होते तो समज पुढे टिकला नाही. औषध मात्र टिकण्याजोगे होते. पण ते सिद्ध होण्याआधीच दोन घटना एकापाठोपाठ एक घडल्या.

पहिली एडिंबरात. सिंक्लेअर आणि डथी या दोन डॉक्टरांनी संधिवाताच्या रुग्णांवर सॅलाझोपायरिनची चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये निष्कर्ष छापला: औषधाचा उपयोग नाही. आजच्या कसोट्यांनी पाहता ती चाचणी लहान होती, आणि रोगाची धग मोजण्याचे भरवशाचे माप तेव्हा कोणाच्याच हाती नव्हते. तरी एका प्रतिष्ठित केंद्राचा नकार म्हणून तो मानला गेला.

दुसरी घटना अमेरिकेत घडली, आणि तिने सगळे जग दिपवले.

चालू लागलेल्या बाईची गोष्ट

मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९२९ पासून एक विलक्षण गोष्ट टिपून ठेवली होती. संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की त्याचे सांधे काही काळ मोकळे होतात. गरोदरपणातही तसेच होते. शरीरातच असे काही द्रव्य असले पाहिजे, जे हा आजार उलटवू शकते, असा त्यांचा कयास होता. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल यांनी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून काही द्रव्ये वेगळी केली होती. त्यातले ‘संयुग ई’, म्हणजेच कॉर्टिसोन, २१ सप्टेंबर १९४८ रोजी एका २९ वर्षांच्या अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीला टोचण्यात आले. आठवड्याभरात ती उठून बाजारहाट करायला बाहेर पडली. १९४९ च्या वसंतात हेंच यांनी डॉक्टरांच्या सभेत रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या हालचालींचे चित्रपट दाखवले. पुढच्याच वर्षी हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा चमत्कारासमोर स्वीडनमधल्या एका संथ गोळीकडे कोण पाहणार? सॅलाझोपायरिन आतड्याच्या रोगापुरते उरले. आणखी एका औषधाची गतही अशीच झाली. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली लेडर्ली प्रयोगशाळेत अमिनोप्टेरिन आणि त्याचे भावंड मेथोट्रेक्सेट तयार झाले होते. १९५१ मध्ये गुबनर आणि सहकाऱ्यांनी अमिनोप्टेरिन संधिवातात गुणकारी असल्याचे निरीक्षण छापले. तेही बाजूला पडले. मेथोट्रेक्सेट संधिवाताच्या उपचारात खरोखर स्थिरावले ते १९८० च्या दशकात. आज आमवाताच्या उपचाराचा कणा असलेली सॅलाझोपायरिन आणि मेथोट्रेक्सेट ही दोन्ही औषधे एकाच वेळी विस्मरणात गेली, त्याला कॉर्टिसोनचा झगमगाट मोठे कारण झाला.

तो झगमगाट लवकरच काजळला. कॉर्टिसोन थांबवले की सूज परत यायची, चालू ठेवले की चेहरा गोल व्हायचा, त्वचा कागदासारखी पातळ व्हायची, हाडे ठिसूळ व्हायची, मांड्या आणि दंड यांतला जोर ओसरायचा. १९५४ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिल आणि नफील्ड फाउंडेशनच्या समितीने सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांत कॉर्टिसोन आणि साधी ॲस्पिरिन यांची तुलना प्रसिद्ध केली. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. ज्या औषधाने माणसे पलंगावरून उठून चालू लागली, ते दीर्घ पल्ल्यात ॲस्पिरिनच्या पुढे गेले नाही! डॉक्टरांसमोर मोठा प्रश्न उभा राहिला. रुग्णाला आज बरे वाटते आहे यावरून त्याचा रोग हटतो आहे हे ठरवता येत नसेल, तर ठरवायचे कशावरून?

मॅकॉन्की यांचे माप

याच प्रश्नाला डडली रोडवर एका डॉक्टराने हात घातला. ब्रायन मॅकॉन्की बारकाईने पाहणारे होते. १९६३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते की ज्या वयस्क स्त्रियांच्या हाताच्या पाठीवरची त्वचा पारदर्शक झालेली असते, त्यांची हाडेही विरळ झालेली असतात. दोन वर्षांनी हेच त्यांनी संधिवाताच्या रुग्णांत तपासले. शरीराच्या एका भागात दिसणारा बदल दुसऱ्या, न दिसणाऱ्या भागाची खबर देतो, हे त्यांना ठाऊक झाले होते.

पुढची पायरी रक्तात होती. शरीरात कुठेही दाह पेटला की यकृत काही प्रथिने भराभर तयार करते. त्यातले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेच्या कागदावरचे सीआरपी, १९३० मध्येच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडले होते. रक्तपेशी नळीत खाली बसण्याचा वेग मोजणारी ईएसआर तपासणी त्याहून जुनी. मॅकॉन्की, आर. ए. क्रॉकसन आणि ए. पी. क्रॉकसन यांनी १९७२ आणि १९७३ मध्ये ही मापे संधिवाताच्या रुग्णांत आणि त्यांच्या औषधांवर लावून पाहिली. त्यातून निघालेले चित्र स्वच्छ होते. नेहमीच्या दाहशामक गोळ्यांनी वेदना कमी होते, पण रक्तातली ही प्रथिने जिथल्या तिथे राहतात. सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने आणि पेनिसिलामीन यांनी मात्र ती हळूहळू, काही महिन्यांत, खाली येतात. दाराची घंटा काढून टाकली म्हणून दारात उभा असलेला माणूस निघून जात नाही. वेदनाशामके घंटा काढत होती. सोने आणि पेनिसिलामीन त्या माणसालाच परत पाठवत होती.

या साध्या वाटणाऱ्या फरकाचे महत्त्व आज सहज ध्यानात येत नाही, कारण आपण तो गृहीत धरतो. त्या काळी संधिवाताची सगळी औषधे जवळजवळ एकाच पारड्यात तोलली जात. ‘रोगाची चाल बदलणारी औषधे’ हा वेगळा वर्ग रक्ताच्या आकड्यांवरून ओळखता येतो, हे डडली रोडच्या कामाने ठसवले. आणि एकदा माप हाती आले की जुन्या-नव्या कोणत्याही औषधाला त्याच्यासमोर उभे करता येते.

मॅकॉन्की यांनी नेमके तेच केले. १९७६ मध्ये त्यांनी डॅप्सोन तपासले. कुष्ठरोगावरचे हे औषध महाराष्ट्राला चांगले परिचयाचे, आपल्या कुष्ठसेवेने ते पिढ्यान्पिढ्या वापरले आहे. संधिवाताच्या रुग्णांतही त्याने दाहाची मापे उतरली, पण रक्तक्षयासारखे त्रास मागे लागत होते. डॅप्सोन हे सल्फा औषधांचे जवळचे नातलग. त्याच कुळातले, संधिवातासाठीच मुळात बनवलेले आणि आतड्याच्या रुग्णांत वर्षानुवर्षे वापरून सवयीचे झालेले एक औषध कपाटात होतेच. १९७८ मध्ये मॅकॉन्की, आर. एस. अमोस आणि सहकाऱ्यांनी सॅलाझोपायरिनवरचे पहिले निष्कर्ष छापले. १९८० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सविस्तर लेख आला. रुग्णांच्या सांध्यांबरोबर ईएसआर आणि सीआरपीही उतरत होते. मळमळ आणि उलटी हा मुख्य त्रास होता. म्हणून पुढे पोटात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टनाच्या गोळ्या आल्या, आणि रोज एक गोळी अशी सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने मात्रा वाढवण्याची पद्धत रूढ झाली. ती आजही तशीच आहे.

हा अभ्यास उघड होता, त्यात तुलनेसाठी बनावट गोळी घेणारा गट नव्हता. ती उणीव ग्लासगोत भरून निघाली. १९८३ मध्ये पुलर, हंटर आणि केपेल यांनी सल्फासॅलाझीन, सोने आणि बनावट गोळी असे तीन गट करून चाचणी घेतली. सल्फासॅलाझीन आणि सोने दोन्ही बनावट गोळीपेक्षा सरस ठरले. स्वार्ट्झ यांचे म्हणणे चार दशकांनी खरे झाले, आणि ब्रिटनमध्ये हे औषध पहिल्या पसंतीच्या औषधांत गणले जाऊ लागले.

त्याच्या रेणूचे रहस्यही याच काळात उलगडले. गोळी मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जीवाणू तिचे दोन तुकडे करतात. आतड्याच्या रोगात गुण येतो तो सॅलिसिलिक कुळातल्या तुकड्याने, हे ऑक्सफर्डमध्ये १९७७ साली ए. के. आझाद खान आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे बांगलादेशात मधुमेहाच्या सेवेचे नेतृत्व करणारे हेच डॉ. आझाद खान. सांध्यांत मात्र मुख्य काम दुसरा तुकडा, सल्फापायरिडीन, करतो, असे ग्लासगोच्या गटाने १९८५ मध्ये दाखवले. स्वार्ट्झ यांनी एकत्र बांधलेल्या दोन अर्ध्यांनी दोन वेगळे आजार वाटून घेतले होते.

सांध्यातून स्नायूकडे

१९८१ मध्ये पॉल बेकन बर्मिंगहॅम विद्यापीठात संधिवातशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि शहरातल्या या कामाला प्रयोगशाळेची जोड मिळाली. मोजण्याचा वारसा त्यांनीही चालवला. रक्तवाहिन्यांच्या दाहाची तीव्रता मोजणारी, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘बर्मिंगहॅम व्हॅस्क्युलायटिस ॲक्टिव्हिटी स्कोअर’ ही पद्धत आजही जगभर वापरात आहे.

पुढचा प्रश्न अधिक खोलातला होता. जखमेचा दाह काही दिवसांत ओसरतो, मग सांध्यातला का ओसरत नाही? लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी टीएनएफ या एका संदेशवाहक प्रथिनाला अडवून १९९२ पासून रुग्णांत नाट्यमय गुण दाखवला होता. बर्मिंगहॅमच्या ख्रिस बक्ली, माइक सॅल्मन, जॅनेट लॉर्ड आदींनी २००१ मध्ये लक्ष वेधले ते वेगळ्याच पेशींकडे. सांध्याच्या अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी तोवर निव्वळ आधार देणाऱ्या समजल्या जात. तात्पुरता दाह कायमचा होण्यात त्यांचाच हात आहे, असे या मंडळींनी मांडले. २०१९ मध्ये ‘नेचर’मधल्या शोधनिबंधात बक्ली यांच्या गटाने उंदरांतल्या प्रयोगांतून आणखी बारीक फरक दाखवला: अस्तरातल्या फायब्रोब्लास्टचा एक प्रकार दाह पेटता ठेवतो, दुसरा प्रकार हाड आणि कूर्चा कुरतडतो. दाह आणि नाश ही वेगवेगळ्या पेशींची कामे आहेत. वेदना आणि रोग यांची फारकत मॅकॉन्की यांनी केली होती, रोगाच्या आत आणखी एक फारकत या पिढीने केली.

आणि मग स्नायू. संधिवात म्हणजे सांध्यांचा रोग, अशी आपली समजूत असते. पण सुजलेल्या सांध्याभोवतीचा स्नायू झडतो, हे सर जेम्स पॅजेट यांनी १८७३ मध्येच नोंदवले होते. दाहाची द्रव्ये रक्तातून सगळीकडे फिरतात आणि स्नायूतली प्रथिने बनण्यापेक्षा मोडण्याचा वेग वाढतो. वजनकाटा अनेकदा हे दाखवत नाही, कारण घटलेल्या स्नायूची जागा चरबी घेते. बाई हाडकुळी दिसत नाही, पण खुर्चीतून उठताना तिला हाताचा आधार लागतो.

इथे कॉर्टिसोन पुन्हा समोर येते. हेंच यांनी टोचलेले कॉर्टिसोन स्वतः निष्क्रिय असते. शरीरातले एक विकर त्याचे सक्रिय कॉर्टिसॉलमध्ये रूपांतर करते, तेव्हा ते काम करते. या विकराचे नाव ११-बीटा-एचएसडी-१. बर्मिंगहॅममध्ये पॉल स्ट्युअर्ट यांच्या गटाने १९९० च्या दशकापासून त्याचा पाठपुरावा केला. तोवर लक्ष प्रामुख्याने यकृताकडे आणि चरबीकडे होते. रोवन हार्डी आणि सहकाऱ्यांनी तोच धागा सांधे आणि स्नायूंकडे नेला. २०१६ मध्ये त्यांनी दाखवले की स्नायूच्या आतले हे विकर दाहापासून स्नायूचे रक्षण करते. उलट २०२१ मध्ये, संधिवात झालेल्या उंदरांना बाहेरून स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोनच्या कुळातले औषध, दिल्यावर दिसले की ज्या उंदरांच्या शरीरात हे विकर नव्हतेच, त्यांचे स्नायू झडण्यापासून वाचले. मग विकर बंद करून टाकावे का? त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात या गटाला आढळले की विकराविना स्टेरॉइडचा दाहशामक गुणही ओसरतो. गुण आणि अपाय एकाच दारातून आत येतात. कोणत्या ऊतीत ते दार उघडे ठेवायचे आणि कोणत्या ऊतीत बंद करायचे, ही गाठ सोडवण्याचे काम अजून चालू आहे. १९४८ च्या त्या इंजेक्शनचा हिशेब रेणूच्या पातळीवर आता कुठे मांडला जातो आहे.

यादरम्यान बर्मिंगहॅमलगतच्या डडली गावातल्या रसेल्स हॉल रुग्णालयात जॉर्ज कीटास, जॉर्ज मेट्सिओस आणि सहकाऱ्यांनी गोळीविना मिळणारा एक उपाय तपासला. आमवाताच्या रुग्णांना सहा महिने, प्रत्येकाच्या कुवतीनुसार आखलेला, दम लागेल असा आणि वजन उचलण्याचा व्यायाम दिला. २०१३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार त्यांची हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढली आणि हृदयविकाराचा धोका दाखवणारी मापे सुधारली. ‘सांधे दुखतात, आता हलू नका’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला यापुढे टिकत नाही.

भिगवण ते बर्मिंगहॅम

इतके ज्ञान एका शहरात जमले, तरी त्याच शहरातल्या रुग्णांपर्यंत ते वेळेत पोचत होते का? करीम रझा आणि बक्ली यांच्या सुरुवातीच्या संधिवाताच्या चिकित्सालयाने दाखवले होते की पहिल्या बारा आठवड्यांत सांध्यातल्या द्रवात दिसणारे रासायनिक चित्र नंतर राहत नाही. म्हणजे उपचाराची एक मौल्यवान वेळ लवकरच निघून जाते. कांता कुमार यांनी याच गटाबरोबर २००७ मध्ये दाखवले की सर्वांत मोठा उशीर रुग्ण पहिल्या डॉक्टरकडे जाण्यातच होतो, आणि २०१० मध्ये दाखवले की दक्षिण आशियाई कुटुंबांत तो आणखी वाढतो. सांधेदुखी वयाबरोबर यायचीच, घरचे उपाय करून पाहू, औषधे गरम पडतील, ही वाक्ये आपल्याही घरांत नवी नाहीत.

महाराष्ट्रात या आजाराची मोजदाद डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात केली. उजनीच्या पाण्याकाठच्या त्या गावात घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची विचारपूस झाली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. दोनशे प्रौढांत एक. हा श्रीमंत देशांचा किंवा शहरांचा आजार नाही, हे त्या एका आकड्याने सांगितले.

अशा गावातल्या रुग्णासाठी डडली रोडच्या कामाचे मोल सर्वांत जास्त आहे. २०१३ मध्ये जेम्स ओडेल आणि सहकाऱ्यांनी, मेथोट्रेक्सेट पुरेसे न पडलेल्या ३५३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला मेथोट्रेक्सेटबरोबर टीएनएफ अडवणारे महागडे इंजेक्शन, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेटबरोबर सल्फासॅलाझीन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ४८ आठवड्यांनी तीन स्वस्त गोळ्यांचा गट मागे पडला नव्हता. त्या तीन गोळ्यांपैकी दोन कॉर्टिसोनच्या काळात टाकून दिलेल्या होत्या. शेतमजुराच्या घरात इंजेक्शन दरमहा येणार नाही, या गोळ्या येऊ शकतात. रक्ताच्या नियमित तपासण्यांसह आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्या घेतल्या, तर बोटे वाकडी होण्याआधी रोग रोखता येतो.

म्हणून गावोगाव मिळणाऱ्या, झटपट गुण देणाऱ्या बेनामी पुड्यांविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. त्यांत अनेकदा स्टेरॉइडच असते. आठवड्यात चालू लागलेला माणूस पाहून १९४९ मध्ये जगातले मोठमोठे डॉक्टर फसले होते, तिथे घरच्या माणसांना दोष कसा द्यावा? पण किंमत तीच मोजावी लागते, हाडांत आणि स्नायूंत.

डडली रोड हॉस्पिटल पुढे सिटी हॉस्पिटल झाले, आणि २०२४ मध्ये त्याच्या मुख्य सेवा स्मेथिकच्या नव्या रुग्णालयात हलल्या. तिथे झालेल्या कामाला महागडी यंत्रे लागली नव्हती. नियमाने येणारे रुग्ण, रक्ताची दोन मापे, वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी, आणि प्रतिष्ठितांचा निकाल पुन्हा तपासण्याची तयारी, एवढे पुरले. जुन्या, स्वस्त औषधाची फेरतपासणी करण्यात कोणत्याही कंपनीला मोठा नफा नसतो. ते काम सार्वजनिक रुग्णालयांनीच हाती घ्यावे लागते. सीआरपी आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतही होते, रुग्ण तर रोज रांगेत उभे असतात. त्यांच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या, तर विसरलेले पुढचे चांगले औषध आपल्याकडेही सापडू शकेल.